सोडलं की थांबतं

वाईतल्या गंगापुरीतल्या आमच्या जुन्या घराकडे येणारा बोळ इतका अरुंद आहे, की आजीच्या लग्नात आलेलं शिसवी कपाट तिथे तीन दिवस अडकून पडलं होतं, असं घरात अजून सांगतात. शेवटी सुतार बोलावून ते सुटं करावं लागलं. त्या बोळातून मागच्या परसात खोदाईचं यंत्र जाईल, असं मला कुणी दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळी उलटल्यावर ते गेलं. दोन्ही अंगांना वीतभर जागा सोडून, गोगलगायीसारखं, पुढे एक पोरगा उलट्या पावलांनी चालत हाताने खुणा करतोय आणि आजूबाजूच्या प्रत्येक खिडकीत एकेक डोकं.

तो पोरगा म्हणजे माझा पुतण्या. आणि ही गोष्ट खरं तर त्याची आहे. भिंतीच्या ओलीची नाही.

ओल आली होती हे मात्र खरं. शेजारच्या उंचावरच्या अंगणातून झिरपणारं पाणी आमच्या जोत्यात मुरत होतं. मागच्या अंगाला चाळीस फूट लांबीचा चर खणायचा, एका टोकाला चार फूट खोल, दुसऱ्या टोकाला सहा, तळाला भोकांचा पाइप टाकायचा, वर खडी भरायची आणि पाणी बाहेर काढून द्यायचं, असा उपाय ठरला. गडी मिळेनात. जेसीबी म्हणावा तर तो सात-साडेसात टनांचा ऐवज. बोळाच्या तोंडाशीच त्याचे खांदे अडणार. मग पुतण्याच म्हणाला, “काका, आमच्या वस्तादांची मिनी पोकलेन आणू या की.”

आता ‘पोकलेन’ या शब्दाची गंमत पाहा. पोक्लेन ही मुळात फ्रान्समधली कंपनी. तिच्या परवान्याने लार्सन अँड टुब्रो आपल्याकडे ही यंत्रं बनवू लागली, आणि चेनवर चालणारं, कमरेत गरकन फिरणारं कुठलंही खोदाई यंत्र महाराष्ट्रात पोकलेन झालं, मग बनवणारा कुणी का असेना. जेसीबीचंही तेच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाची ही आद्याक्षरं. १९७९ पासून हे यंत्र हरियानातल्या बल्लभगढला तयार होऊ लागलं आणि पुढे माणसाच्या नावाचं सामान्यनाम झालं. मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावात बसून झालं त्या गावात मी राहतो. ‘उत्खनन यंत्र’ असा चांगला भारदस्त शब्द मला ठाऊक आहे. पण आमच्या आळीत तो कुणी उच्चारल्याचं स्मरत नाही. छोट्या यंत्राचा उगम मात्र जपानातला. तिथल्या दाटीवाटीच्या वस्त्यांत मोठं यंत्र शिरेना, म्हणून १९७० च्या आसपास यानमार, ताकेउची अशा कंपन्यांनी ही बुटकी जात काढली. साधारण सहा टनांच्या आतलं ते मिनी. आमच्याकडे आलेलं तीन टनांचं होतं. वाईसारख्या वाडे, बोळ आणि घाटांच्या गावाला ते नेमकं मानवलं, यात नवल नाही.

पुतण्या बारावीनंतर दोन वर्षं पुण्यात कुरिअरच्या थैल्या वाहून कंटाळून परत आलेला. वस्तादांकडे ‘हेल्पर’ म्हणून लागला, म्हणजे ग्रीस मारायचं, डिझेल भरायचं, चहा आणायचा आणि संधी मिळेल तेव्हा शेजारी उभं राहून पाहायचं. आपल्याकडे ही विद्या अशीच शिकतात. वहिनींना ते मुळीच पसंत नव्हतं. यंत्र आमच्याकडे येणार हे कळल्यावर त्या मला म्हणाल्या, “भावजी, तुमच्यासमोर चालवणार आहे तो. एवढं बघा, घाई करू देऊ नका त्याला.” मी अगदी ठामपणे हो म्हणालो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मला पुढे त्याची लाज वाटणार आहे.

परसातलं काम सुरू होण्याआधी आठवडाभर मी पुतण्याचं शिक्षण पाहायला गेलो होतो. मेणवलीच्या वाटेवर ऊस तुटून गेलेलं एक रान वस्तादांनी मागून घेतलं होतं. मला वाटलं होतं, खड्डा खणायला शिकवतील. पहिले दोन दिवस मातीला दात लागलाच नाही. पहिला धडा यंत्राभोवती फिरण्याचा. चेन सैल आहे का, पिना जागेवर आहेत का, खाली तेल सांडलंय का. तेलाच्या नळीवर ओल दिसली म्हणून पुतण्याने बोट पुढे केलं, तर वस्तादांनी त्याच्या मनगटावर चापटी मारली. नळीतलं तेल इतक्या दाबाखाली असतं, की सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटलेली धार कातडीतून थेट आत शिरते. वरून टोचल्यासारखं दिसतं आणि पुढे हात गमावायची पाळी येते. गळती पाहायची ती पुठ्ठ्याचा तुकडा धरून, आणि तीही लांबून.

दुसरा धडा चढण्या-उतरण्याचा. तोंड यंत्राकडे, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेला. उडी मारायची नाही. मग पट्टा. पुतण्या कुरकुरला, “हितं कुठं एक्सप्रेस हायवे हाय?” वस्ताद म्हणाले, “पट्टा पळायसाठी न्हाई रं. यंत्र कलंडलं की माणूस उडी टाकतो, आन् जिकडं उडी टाकतो तिकडंच यंत्र पडतं.” चालकाच्या डोक्यावरचा सांगाडा यंत्र उलटलं तरी चेपू नये असा बांधलेला असतो; पण त्याचा उपयोग आत बसून राहणाऱ्याला.

आणि मग लिव्हर. दोन हातांत दोन. रूढ पद्धतीत डाव्या हाताच्या लिव्हरने सबंध धड डावी-उजवीकडे फिरतं आणि पुढे-मागे केलं की कोपर उघडतं, मिटतं. उजव्याने खांदा खाली-वर होतो आणि बकेटचा तळहात वळतो. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात तबल्यासारखं आहे. दोन्ही हातांची कामं निराळी, पण बोल एकच निघाला पाहिजे. त्यातही एक खोच: खांदा आणि कोपर यांची लिव्हरं अदलाबदल केलेली दुसरी पद्धतही प्रचारात आहे. एका यंत्रावर हात बसलेला माणूस दुसऱ्यावर बसला, की त्याचे हात सवयीने खोटं बोलतात. म्हणून अनोळखी यंत्रावर आधी मोकळ्या जागी, मंद गतीत, एकेक लिव्हर हलवून पाहायचं.

वस्तादांनी रानात एक वीट उभी केली. बकेटच्या दातांनी तिला नुसतं शिवायचं, पाडायचं नाही. पुतण्याने पहिल्या दिवशी किती विटा फोडल्या ते मी मोजलं नाही. तिसऱ्या दिवशी एक वीट दुपारपर्यंत टिकली.

पण या सगळ्यापेक्षा वस्ताद ज्यावर सारखे घसरत होते ती गोष्ट वेगळीच होती. ते मधेच ओरडायचे, “सोड!” आणि पुतण्याने दोन्ही हात उघडायचे. लिव्हर आपोआप मध्यावर येतात आणि यंत्र जिथल्या तिथे थांबतं. नंतर डाव्या हाताशी असलेला लॉक उचलायचा. तो उचलला, की लिव्हर कितीही हलवा, यंत्र मुकाट. बकेट उचललेली असताना, फिरवताना, चालताना, केव्हाही हाक यायची. मला तो पोरखेळ वाटला. सायकल शिकताना आपण आधी पायडल मारायला शिकतो. हा माणूस आधी ब्रेकच शिकवतोय!

यंत्र परसात आलं त्या दिवशी रविवार होता, म्हणजे शाळेला सुटी. दहा वाजेपर्यंत मागच्या गडग्यावर बारा पोरं रांगेत बसली, शेजारचे निवृत्त मास्तर खुर्ची घेऊन आले, आईने पडवीत बैठक मांडली. मे २०१९ मध्ये ‘जेसीबी की खुदाई’ पाहायला जमलेल्या गर्दीच्या चित्रांनी देशभर हसू पिकवलं होतं, ते आठवून मीही हसलो. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी पोरांना गडग्यावरून उतरवलं, मास्तरांची खुर्ची उचलून पडवीत ठेवली आणि बूम पूर्ण लांब करून एक फेरी घेतली. ती जिथवर पोचली त्याच्या बाहेर चुन्याची रेघ मारली. “ही लक्ष्मणरेषा. आत फकस्त काम करणारा. आन् तोबी माझी नजर पडल्याबिगर न्हाई.” नवखा चालक बकेटच्या टोकाकडे पाहत असतो, धोका असतो त्याच्या पाठीशी. धड फिरलं की यंत्राची मागची बाजूही फिरते, आणि भिंत व ती यांच्यामध्ये सापडलेला माणूस चालकाला दिसतसुद्धा नाही.

काम मात्र माझ्या हिशेबापेक्षा संथ चाललं. जोत्याला लागून सलग चर खणला तर भिंतीचा पाया एका अंगाने उघडा पडतो. म्हणून वस्ताद सहा-सात फुटांचा तुकडा खणत, तिथे पाइप-खडी करून घेत आणि मगच पुढे सरकत. निघालेली माती काठावर टाकायला त्यांचा सक्त नकार. ढिगाचं ओझं काठावर आलं की काठ आत बसतो. त्यामुळे प्रत्येक बकेट परसाच्या दुसऱ्या टोकाला. वरून जाणारी घराची वीजवाहिनी त्यांनी वायरमन बोलावून आधीच उतरवून घेतली होती. बूम तारेला लागली तर काय करायचं, तेही त्यांनी पुतण्याकडून पाठ करून घेतलं होतं: जागेवरून उठायचं नाही, लोकांना लांब राहायला ओरडायचं, आणि आग लागली म्हणून उतरायचीच वेळ आली तर यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी न शिवता दोन्ही पाय जुळवून उडी टाकायची, मग पाय जुळवूनच टुणटुणत दूर जायचं. एक प्रश्न त्यांनी मलाही केला: “घरात कुठं जुनं पेव, तळघर, बुजवलेला आड हाय का?” सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची खोल पेवं आहेत हे आपल्याला ठाऊक असतं, स्वतःच्या परसाखाली काय आहे ते ठाऊक नसतं. मी आईला विचारलं. आड होता, पण पुढच्या अंगाला.

हे सारं मी समजून घेत होतो, पण माझं एक लक्ष घड्याळाकडे होतं. यंत्र तासावर असतं. बसल्या जागी एक मीटर इंजिनाचे तास मोजत राहतो, आणि भाडं देणाऱ्याच्या डोक्यातही तसाच एक मीटर सुरू होतो. यंत्र पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं की आपल्याला चुटपुट लागते. मग आपण म्हणतो, “होऊन जाऊ द्या,” “तेवढं एक उरकून घ्या.” चालक मुरलेला असेल तर तो ऐकल्यासारखं करतो. नवखा असेल तर खरंच ऐकतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वस्ताद पाइपचा जोड आणायला बाजारात गेले. जाताना इंजिन बंद करून, पुतण्याला “हात लावू नको” म्हणून बजावून गेले. मजुरीला आलेल्या एक बाई चराच्या काठाशी बसून पाइपला जाळी गुंडाळत होत्या. वस्तादांना उशीर होऊ लागला. मातीच्या ढिगाकडे यंत्र चार फूट सरकलं, तर ते आल्यावर लगेच काम सुरू होईल, असं माझ्या मनात आलं. आणि मी म्हणालो, “अरे, तेवढं पुढे तर घेऊन ठेव. उगाच खोळंबा कशाला?”

काकांनी सांगितलं. पोरगा चढला.

यंत्राचं धड फिरलेलं होतं. म्हणजे पुतण्याच्या तोंडासमोर ढीग, पाठीशी चर. पण खालची चेन काही धडाबरोबर फिरत नाही. तिची पुढची बाजू म्हणजे जिकडे ब्लेड, ती आता त्याच्या पाठीमागे होती. अशा वेळी चालण्याचे दांडे पुढे ढकलले की यंत्र चालकाच्या मागे जातं. हे त्याला शिकवलेलं होतं. पण शिकवलेलं आणि हातात मुरलेलं यांत अंतर असतं. त्याने दांडे पुढे ढकलले आणि यंत्र चराकडे निघालं.

वेग काय असणार, चालत्या माणसाइतकाही नाही. पण अंतरही तेवढंच होतं. बाई किंचाळल्या. पुतण्याने दचकून मान मागे वळवली, आणि दचकलेला माणूस जे करतो तेच केलं: हातातलं आणखी घट्ट धरलं. अंग मागे झुकलं, हात ताठ झाले, दांडे आणखी पुढे गेले. नेमके त्याच वेळी वस्ताद बोळातून आत येत होते. हातातली पिशवी टाकून ते एकच शब्द ओरडले.

“सोड!”

पुतण्याचे हात उघडले. यंत्र थांबलं. काठाचं ढेकूळ चरात पडल्याचा आवाज आला तेवढाच. बाई बाजूला सरकल्या होत्या. चेन आणि काठ यांत मी नंतर टेप लावून मोजलं तर दीड फूट राहिलं होतं. आत पडलं असतं तर तीन टन, आणि मागे आमच्या घराची दगड-मातीची भिंत.

वस्तादांनी चावी काढून खिशात टाकली. पुतण्याला काही बोलले नाहीत. माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, “काका, काम काय करायचं ते तुमी सांगा. यंत्र कवा हलवायचं ते म्या सांगीन.” साठीला टेकलेल्या माणसाला इतक्या आदराने इतकं क्वचितच कुणी सुनावत असेल. मी त्या बाईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या, झालं न्हाई ना काही,” आणि पुन्हा जाळी गुंडाळायला लागल्या, पण आता काठापासून चांगल्या लांब. सगळ्यांचा चहा झाल्यावर वस्तादांनी चेनच्या सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी पांढऱ्या रंगाचा मोठा बाण काढला, ब्लेडच्या दिशेने. पुढचा अर्धा तास पुतण्या परसाच्या मोकळ्या टोकाला यंत्र वीतभर पुढे-मागे करत होता आणि हाक आली की हात उघडत होता. मीटर चालू होता. मी त्याकडे पाहिलं नाही.

सहा फुटांच्या टोकाला आणखी एक अडचण निघाली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सुरक्षा नियमांत दीड मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजूंना उतार द्यावा किंवा लाकडी आधार द्यावा असं सांगितलेलं आहे. माती काठापासून किमान दीड मीटर लांब टाकावी हेही त्यातच. वस्तादांनी ते नियम वाचले असतील असं वाटत नाही, पण पुरुषभर खोलीत आधाराशिवाय माणूस उतरू द्यायचा नाही हे त्यांचं पक्कं होतं. कृष्णाकाठची काळी माती फसवी. कोरडी असताना तिचा कडा तासलेल्या भिंतीसारखा उभा राहतो, कौतुक वाटावं असा. आणि मग काही न सांगता बसतो. घनमीटरभर मातीचं वजन दीड-दोन टन भरतं. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचं डोकं वर असलं तरी त्याला श्वास घेता येत नाही. त्यांनी फळ्या आणि टेकू मागवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर फळ्यांच्या पलीकडचा हातभर तुकडा रात्रीतून खाली आलेला. आत कुणी नव्हतं, म्हणून हे एका वाक्यात सांगून संपतं.

माझ्या मनात नंतर एक विचार घोळत राहिला. लुना चालवायला आपण परवाना मागतो, आणि मागायलाच हवा; पण मोटार वाहन कायद्याचा परवाना सार्वजनिक जागेतल्या वाहनासाठी. घरामागच्या परसात तीन टनांच्या यंत्रावर कोण बसलंय हे विचारायला कुणी येत नाही. विचारायचं असेल तर ते भाडं देणाऱ्यानेच विचारायचं. बांधकाम यंत्रांच्या चालकांसाठी देशपातळीवर इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल आहे, चालकांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र ही तिची कामं. पण खेड्यापाड्यांतली बहुतेक मुलं शिकतात ती कुणातरी वस्तादांच्या शेजारी उभं राहून, आणि वस्ताद कसा मिळेल हा नशिबाचा भाग. ‘हात बसला की झालं’ म्हणणारे पुष्कळ आहेत. आमच्याच गावात दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली, कृष्णेचा पूर कापला जावा म्हणून. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. जमीन आणि पाणी काय करील याचा विचार मात्र खोदण्याआधी होता.

या यंत्रांची गरज वाढणारच. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आमच्या तालुक्यातल्या कोंढावळ्याच्या देवरुखवाडीवर दरड आली. २०२३ च्या जुलैत रायगडमधल्या इर्शाळवाडीला तर वाटच अशी होती की मोठं यंत्र वर पोचू शकलं नाही; माणसांनी कुदळ-फावड्यांनी चिखल उपसला. डोंगरकुशीतल्या अशा वाड्यांवर उद्या जी यंत्रं जातील ती लहानच असतील, आणि त्यांवर माझ्या पुतण्याच्या वयाची मुलं बसलेली असतील. खाली निसरडी माती, वर ओला डोंगर, भोवती रडणारी आणि घाई करणारी माणसं.

चर पूर्ण झाला, ओल हटली. बिल माझ्या अंदाजापेक्षा सात तासांनी जास्त आलं, फळ्यांचे पैसे वेगळे. मी घासाघीस केली नाही. वहिनींना दीड फुटाची गोष्ट मी महिन्याभराने सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आणि घाई त्याने केली नव्हती तर.”

गेल्या हिवाळ्यात पसरणी घाट चढून गेल्यावर भिलारच्या बाजूला एका स्ट्रॉबेरीच्या रानात तो एकटा काम करताना दिसला. बांध घालत होता. मी गाडी थांबवून रानातून त्याच्याकडे निघालो आणि लांबूनच हात वर केला. त्याने मला पाहिलं, पण हात हलवला नाही. आधी बकेट जमिनीवर टेकवली. मग डाव्या हाताने लॉक उचलला, इंजिन बंद केलं, पट्टा काढला. तोंड यंत्राकडे करून एकेक पायरी उतरला, आणि मग वळून हसला.

“काका, रेघेच्या आत आलात की,” म्हणाला.

मी खाली पाहिलं. चुन्याची रेघ दोन पावलं मागे राहिली होती.